तळ्यातला मोती आणि कागदावरचा नफा

स्वाती नक्षत्रातला पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, असे मराठीत म्हणतात. उर्दू-फारसी शायरीत हाच थेंब ‘अब्र-ए-नैसां’चा, म्हणजे वसंतातल्या ढगाचा असतो. कल्पना सुंदर आहे. पण आज सराफाच्या दुकानातला बहुतेक मोती माणसाने पिकवलेला असतो. आणि आता ‘घरामागच्या हौदात शिंपले सोडा, वर्षभरात लाखो कमवा’ अशी जाहिरात आपल्या मोबाईलवरही येऊ लागली आहे. बचत गटाचे पैसे, परदेशातून मुलाने पाठवलेली रक्कम, कधी मुलीच्या निकाहसाठी ठेवलेले सोने मोडून आलेले पैसे अशा जाहिरातींकडे वळतात. म्हणून या महिन्यात आम्ही मोत्याच्या शेतीविषयी बोलणार आहोत.

मोती पिकतो, ही गोष्ट खरी आहे. आपल्या नद्या-तळ्यांत मिळणाऱ्या काही जातींच्या शिंपल्यांत तो तयार करता येतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्याची पद्धत बसवली असून ती प्रशिक्षणही देते. शिंपल्याच्या आत कवचाला लागून एक पातळ मांसल पडदा असतो. कवचाची चमकदार अस्तरे हाच पडदा बनवतो. दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा छोटा तुकडा आत बसवला की त्याच्या पेशी चमकदार थर देऊ लागतात. थरावर थर चढत मोती होतो.

काम तीन प्रकारे करतात. कवच आणि पडदा यांच्यामध्ये नक्षीचा साचा ठेवला तर नक्षीदार किंवा अर्धगोल मोती मिळतो. पडद्यातच तुकडे बसवले तर लहान, तांदळासारखे मोती होतात. आणखी आत, जननग्रंथीजवळ, तुकड्यासोबत गोल मणी ठेवला तर मोठा गोल मोती मिळू शकतो. हे काम सर्वांत अवघड.

शस्त्रक्रियेआधी शिंपले दोन-तीन दिवस दाटीने पाण्यात ठेवतात, म्हणजे त्यांचे स्नायू सैल पडतात. नंतर सुमारे दहा दिवस त्यांची निगा राखावी लागते. मेलेले रोज वेचून काढायचे. मग नायलॉनच्या जाळीदार पिशवीत दोन-दोन शिंपले घालून बांबूला किंवा प्लास्टिकच्या नळीला टांगतात आणि तळ्यात सुमारे एक मीटर खोल सोडतात. तिथे ते 12 ते 18 महिने राहतात. शिंपल्याचे अन्न म्हणजे पाण्यातले सूक्ष्म शेवाळ. त्यामुळे नळाच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या हौदात शिंपला उपाशी राहतो. काही शिंपले शस्त्रक्रियेत मरतात, काही नंतर. काही मणी बाहेर टाकून देतात. जे मोती हाती येतात त्यांतही गोल, नितळ आणि चमकदार थोडेच असतात.

आता बाजार पाहू. जगातले गोड्या पाण्यातले बहुतेक मोती चीनमधून येतात. झेजियांग प्रांतातले झूजी हे त्याचे मोठे केंद्र. तिथल्या मोठ्या शिंपल्यात एका वेळी वीस-तीस मोती वाढवता येतात. आपल्या शिंपल्यात मोजकेच. आपण ज्याला कौतुकाने ‘हैदराबादी मोती’ म्हणतो, त्यातला बराचसा माल चीनमधून येतो. हैदराबादचे कसब तो निवडण्यात, छेदण्यात आणि ओवण्यात आहे. चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीत सतलड्यासाठी मोती घेताना हे लक्षात असू द्या. यात फसवणूक नाही, फक्त ‘हैदराबादी’ म्हणजे हैदराबादेत पिकलेला असे समजू नका. आपल्या तळ्यातल्या साध्या मोत्याला याच मालाशी भावात टक्कर द्यावी लागते.

मोत्याच्या भावाचा भरवसा किती, हे आखाताने एकदा पाहिले आहे. बहरीन, कुवेतचे पाणबुडे समुद्रातून नैसर्गिक मोती काढत आणि त्यांचा मोठा बाजार मुंबईत होता. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी 1893 मध्ये समुद्री शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला. पुढे गोल मोतीही बाजारात आले, त्यात 1929 नंतरची जागतिक मंदी आली आणि आखातातला तो धंदा बसला. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय जिथे टिकला नाही, तिथे नव्या माणसाने हिशेब अधिकच काटेकोर ठेवायला हवा.

म्हणून पैसे देण्याआधी काही प्रश्न विचारा. शिकवणारा स्वतः मोती विकतो का, आणि कोणाला? गेल्या वर्षीची विक्रीची पावती दाखवेल का? शिंपले तोच विकणार, प्रशिक्षणाची फी तोच घेणार आणि मोती ‘परत विकत घेण्याची हमी’ही तोच देणार असेल, तर त्याची कमाई मोत्यांतून होते की शिकणाऱ्यांकडून, ते तपासा. ‘मोती आवडला नाही’ म्हणून माल परत पाठवायची मुभा करारात त्याने ठेवली आहे का, तेही वाचा. आणि कोणी घातलेल्या रकमेवर ठरावीक परताव्याची हमी देत असेल, तर नफ्या-तोट्यातली भागीदारी अशी नसते, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी चौकशी करा. ज्यांच्याकडे शेततळे आहे, त्यात मासे आहेत, त्यांनी थोडे शिंपले जोडीला सोडून पाहावेत. उधार घेऊन नको.

मोती अंगावर घालणाऱ्या भगिनींसाठीही दोन शब्द. मोती दातावर हलकेच घासला तर किंचित खरखरीत लागतो. काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत. पिकवलेला आणि नैसर्गिक यांतला फरक मात्र दाताने कळत नाही, त्याला प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी लागते. कोणी जुना ‘बसरा मोती’ म्हणून मोठी किंमत सांगितली, तर तपासणीचा दाखला मागा. मोती मऊ असतो, आम्लाने झिजतो. लिंबू, सिरका आणि घाम यांपासून तो जपा. अत्तर आणि केसांचा फवारा आधी, मोती शेवटी. उतरवल्यावर मऊ कापडाने पुसून सोन्याच्या दागिन्यांपासून वेगळा ठेवा. दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारून ओवून घ्या, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मोती विखुरणार नाहीत.