बारा मार्चचे मानकरी

गणेशचतुर्थीच्या तोंडावर कोकण रेल्वेची गाडी नांदगाव रोड स्थानकात थांबते, तेव्हा मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी फलाट भरून जातो. पोटासाठी बाहेर पडलेला माणूस वर्षातून एकदा तरी घरी येणार, या विश्वासावर सिंधुदुर्गातील घरे उघडी राहिली आहेत. परंतु ज्यांच्या नशिबी परतीची वाट नव्हती, अशीही माणसे याच कोकणातून गेली. एकोणिसाव्या शतकात तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून अनेक कुटुंबे करारावर अंगठा उठवून, मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे रवाना झाली. त्यांतील बरीचशी तेथेच स्थिरावली. त्यांचे वंशज दरवर्षी १२ मार्च हा दिवस आपला राष्ट्रीय सण म्हणून साजरा करतात.

१९६८ साली याच दिवशी मॉरिशस स्वतंत्र झाला आणि १९९२ साली याच दिवशी ते प्रजासत्ताक बनले. महात्मा गांधींच्या दांडीयात्रेचा प्रारंभ १२ मार्च १९३० रोजी झाला होता. त्या स्मरणार्थ ही तिथी निवडली गेली. मात्र हे स्वातंत्र्य सर्वांनी एकमुखाने मागितलेले नव्हते. १९६७च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांच्या पारड्यात पडली होती. भारतीय वंशाच्या बहुसंख्येखाली आपले काय होईल, ही धास्ती त्यामागे होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पोर्ट लुईमध्ये दंगलीही झाल्या. तांबडा, निळा, पिवळा आणि हिरवा अशा चार पट्ट्यांच्या ध्वजाला देशातील प्रत्येक समाजाचा विश्वास नंतर कमवावा लागला.

तो कसा कमावला गेला, हे त्या देशाच्या सुट्ट्यांच्या यादीत दिसते. १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या समाप्तीचा दिवस, तर २ नोव्हेंबर हा १८३४ साली आलेल्या करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवस. महाशिवरात्र, ईद, नाताळ आणि चिनी नववर्ष यांच्याबरोबर गणेशचतुर्थीलाही तेथे सार्वजनिक सुट्टी असते. ज्या बेटावर मूळचे रहिवासी कोणीच नव्हते, तेथे सर्वांच्या पूर्वजांचे दुःख राष्ट्राने आपले मानले. त्यामुळे मराठी कुटुंबाला गणपतीपुढे झाकरी नाचताना, म्हणजे आपल्या कोकणच्या जाखडीचा ठेका धरताना, आणि १२ मार्चला चौरंगी ध्वजाला वंदन करताना मनात दुभंग जाणवत नाही. संस्कार पूर्वजांचे आणि निष्ठा कर्मभूमीची, हा मेळ त्यांनी घातला आहे.

येथेच आपल्याकडील एका सवयीचा विचार केला पाहिजे. परदेशस्थ मराठी माणसाचा गौरव करताना तो ‘मनाने इथलाच’ आहे, असे आपण सहज म्हणून जातो. मॉरिशसच्या मराठी माणसाला हे शब्द गोड वाटले तरी ते पूर्ण सत्य नव्हेत. तो मॉरिशसचा नागरिक आहे. त्याच्या पूर्वजांनी त्या भूमीत घाम गाळला, देवळे उभारली, मुले शिकविली. आपल्या देशातील प्रत्येक नागरिकाने या भूमीशी एकनिष्ठ असावे, अशी अपेक्षा आपण बाळगतो. मग तोच न्याय परभूमीत स्थिरावलेल्या आपल्या रक्ताच्या माणसांनाही लावला पाहिजे. त्यांचा राष्ट्रदिन त्यांचाच आहे, आणि त्याचा आपल्याला आनंद वाटला पाहिजे.

मात्र निष्ठा मागायची नाही, म्हणून नातेही जपायचे नाही, असे नव्हे. तेथील मराठी घरांत आज बोलली जाते ती बहुतांशी क्रिओल. मराठी उरली ती शाळेतील ऐच्छिक विषयात आणि पूजेच्या वेळी. अशा वेळी शिष्टमंडळे आणि हारतुरे यांपेक्षा चांगली पुस्तके आणि शिक्षकांची सातत्याची देवाणघेवाण अधिक उपयोगी पडेल.

दुसरे काम तर कोकणातच करण्याजोगे आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या जुन्या नोंदी जतन केलेल्या आहेत. २०२४च्या राष्ट्रदिनी पाहुण्या म्हणून गेलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी, मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळू शकेल, असे जाहीर केले. त्यानंतर या नोंदींचे मोल आणखी वाढले आहे. परंतु परक्या कारकुनांनी कानावर पडले तसे लिहिलेले गावाचे नाव संगणकाला उमगत नाही. वाडी, आडनाव आणि ग्रामदैवत यांची सांगड घालून ते ओळखील, तो इथलाच एखादा जाणता माणूस. नांदगावपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ग्रामपंचायतींनी, वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील वाड्यांची, कुळांची आणि जुन्या नावांची सूची सिद्ध केली, तर समुद्रापलीकडून आलेल्या एखाद्या चौकशीला उत्तर देता येईल. पणजोबांचे गाव शोधणाऱ्याला निदान योग्य वाडीची वाट दाखविणे, एवढे तरी त्या गावाचे कर्तव्य ठरते.