दोन वाफे आणि दोन मापे



आपल्या खानापूर तालुक्यात भाजीपाला करणाऱ्या पुष्कळ घरी एक रीत पडून गेली आहे. विक्रीच्या वांग्यांवर, मिरचीवर आणि कोबीवर वरचेवर औषध मारावयाचे, आणि घरच्या कालवणासाठी परसात चार झाडे औषधाविना वेगळी राखावयाची. ही गोष्ट कोणी लपवीत नाही, उलट शहाणपण म्हणून ती सांगितली जाते. आमच्या मते सारा प्रश्न या रीतीतच सामावलेला आहे. जो माल आपल्या मुलाला वाढण्याजोगा नाही असे ज्याला वाटते, त्याने तो दुसऱ्याच्या मुलासाठी बाजारात पाठवावा काय? हा प्रश्न शेतीचा आहे, आरोग्याचा आहे आणि सदसद्विवेकबुद्धीचाही आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. फवारलेल्या औषधाचा जो अंश तोडणीनंतरही मालात उरतो त्याला अवशेष म्हणतात. प्रत्येक औषधाची प्रत्येक पिकापुरती एक कमाल मर्यादा ठरलेली असते. ती ठरविताना औषध आधी जनावरांना देऊन पाहतात, ज्या मात्रेला काहीही अपाय दिसत नाही ती मात्रा घेतात, आणि माणसासाठी सामान्यतः तिचा शंभरावा भाग सुरक्षित धरतात. जेथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तेथे आपल्या देशात आणि युरोपातही सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा मानतात. म्हणजे दहा टनांचे दहा ट्रक भरून माल असेल, तर त्या सगळ्यात मिळून औषध एक ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. आजची यंत्रे एवढा सूक्ष्म अंशही शोधून काढतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मर्यादेपेक्षा थोडा जास्त अंश असलेली भाजी खाल्ली म्हणून कोणी त्याच दिवशी आजारी पडत नाही, तेव्हा घाबरून भाजी सोडण्याचे कारण नाही. परंतु शंभर पटींची ही राखण काही आपण उधळण्यासाठी ठेवलेली नाही. ती लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांच्यासाठी आहे. मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त खाते, हे कोणत्याही आईला ठाऊक आहे.

अवशेष किती दूरवर जातात याचा धडा आपल्या देशाला दुधाने दिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बारा राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले होते. शंभरातील ८२ नमुन्यांत डीडीटी आढळले, आणि ३७ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त होते. महाराष्ट्रातील नमुन्यांत तर हे प्रमाण ७४ टक्के, म्हणजे सर्वांत अधिक निघाले. दुधात कोणी मुद्दाम विष घातले नव्हते. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठते आणि वर्षानुवर्षे टिकते. ते चाऱ्यातून आणि गोठ्यातून गाईच्या अंगात गेले व तेथून तिच्या दुधात उतरले. १९८९ साली शेतीत डीडीटीचा वापर बंद झाला आणि १९९७ साली बीएचसीवर बंदी आली. ज्या भुकटीचे पोते आपल्या वाडवडिलांनी निःशंकपणे हाताने धुरळले तीच ही बीएचसी.

आजची औषधे बहुतेक लवकर विरतात. मग दोष कोठे आहे? केंद्र सरकारच्या योजनेतून २००५ पासून देशभरच्या बाजारांतील नमुने तपासले जातात. २०१४-१५ साली २०,६१८ नमुने घेतले. मर्यादेपेक्षा जास्त अवशेष २.६ टक्के नमुन्यांत होते. परंतु त्या पिकासाठी मंजूरच नसलेली औषधे १२.५ टक्के नमुन्यांत सापडली. हा आकडा आम्हांला अधिक बोलका वाटतो. कापसाचे औषध वांग्यावर मारले, दुकानदाराने जे पुढे केले ते आणले, शेजाऱ्याचे उरलेले आपल्या पंपात ओतले, असा त्याचा अर्थ आहे. मोनोक्रोटोफॉस हे औषध भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच मनाई होती. तरीही ते भाजीवर पडत राहिले, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगावयास नको.

आपला शेतकरी नियम पाळू शकत नाही असे कोणी म्हणेल तर त्याने नाशिक-सांगलीकडे पाहावे. २००३ साली नेदरलँडमध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या औषधाचे अवशेष सापडले आणि निर्यात धोक्यात आली. तेव्हा पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तपासणीची पद्धत बसविण्यात आली. २००६ पासून निर्यातीची बाग नोंदलेली असते, फवारणीची वही ठेवावी लागते, तोडणीपूर्वी बागेतून नमुना जातो, आणि अहवाल चांगला आला तरच माल निघतो. युरोपातील दुकानात पेटी उघडली तरी ती कोणाच्या बागेतली हे सांगता येते. एवढे करूनही २०१० साली वेलीची वाढ रोखण्यासाठी मारावयाच्या क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अवशेष निघाले आणि युरोपच्या बंदरांत माल अडकला, कारण त्याची तपासणी आपल्या यादीतच नव्हती. मग ते यादीत घालण्यात आले. चूक सापडली, ती मोकळेपणी मान्य झाली आणि सुधारली. अल्पभूधारक मराठी शेतकऱ्यांनीच हे केले आहे.

मग आमचा प्रश्न असा. युरोपातील मुलासाठी जी वही ठेवता येते ती बेळगावच्या, मडगावच्या किंवा आपल्या बिडी-नंदगडच्या मुलासाठी का ठेवता येऊ नये? परक्याला एक माप आणि आपल्या माणसाला दुसरे, शिवाय घरच्याला तिसरे! तागडीत खोटे वजन घालणाऱ्याला आपण पापी म्हणतो. औषध मारून दुसऱ्या दिवशी तोडलेली टोमॅटोची पाटीही त्याच जातीची आहे. घेणाऱ्याला ती पाहून काही कळत नाही, आपल्याला कळते.

येथे कोणी विचारील, "फादर, मग किडीला पीक खाऊ द्यावयाचे काय? कर्ज कोण फेडणार?" प्रश्न रास्त आहे. फवारणीच करू नका असे आम्ही म्हणत नाही. अळीने पोखरलेली वांगी बाजारात कोणी घेत नाही, आणि डागाळलेला कोबी व्यापारी निम्म्या भावाने मागतो, हे आम्ही जाणून आहोत. शिवाय गिऱ्हाइकालाही चकचकीत, एकसारखाच माल हवा असतो, तेव्हा दोषाचा वाटा त्याच्याही पदरात पडतो. आमचे म्हणणे एवढेच की लागेल तेव्हा, त्या पिकाचे औषध, सांगितलेल्या मापाने मारावे, आणि फवारणी व तोडणी यांतील दिवस पाळावेत. कोठे तीन दिवस, कोठे सात, कोठे त्याहून अधिक. हे अंतर डब्यासोबतच्या कागदावर छापलेले असते. या काळात ऊन, वारा आणि झाडाची स्वतःची वाढ औषध विरवून टाकतात. हे अंतर पाळावयास एक पैसाही खर्च होत नाही. भाव चढला की ते मोडावेसे वाटते, आणि खरी परीक्षा तेथेच असते.

आपली भाजी रोज घाटाखाली गोव्याला उतरते. २०१८ च्या जुलैमध्ये मासळीत फॉर्मलिन असल्याची बातमी मडगावच्या बाजारातून पसरली, तेव्हा गोवा सरकारने बाहेरून येणारी मासळी पंधरा दिवसांसाठी बंद केली. विश्वास उडाला की प्रामाणिक आणि अप्रामाणिक दोघांचाही माल दारात अडतो. भाजीवर ती वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर आधी आपणच आपले पाहिले पाहिजे.

आणि अवशेष खाणाऱ्याच्या पोटात जाण्यापूर्वी औषध फवारणाऱ्याच्या अंगात जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो इस्पितळात पडली. पंप गळका, अंगात बनियन, पायात काही नाही, वारा तोंडावर, अशीच फवारणी आपल्याकडेही चालते. यांतील पुष्कळ औषधे मज्जातंतूंवर मारा करतात. घाम व लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधुकणे, छाती भरणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसताच कपडे काढून साबणाने अंग धुवावे, रोग्याला तत्काळ डॉक्टरकडे न्यावे आणि डबा सोबत न्यावा. औषधाचे नाव कळले की डॉक्टरला नेमका उपचार करता येतो.

डब्यांविषयी आणखी एक कळकळीची विनंती. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील गंडामन या गावी शाळेतील दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मरण पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते. त्याआधी १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे विष धान्याबरोबर एकाच जहाजात आले आणि ते लागलेले पीठ खाऊन शंभरावर माणसे गेली. १९६८ चा कीटकनाशक कायदा आला त्यामागे ही दुर्घटना होती. दोन्ही ठिकाणी अन्न आणि विष शेजारी आले होते. तेव्हा रिकाम्या डब्यात रॉकेल, तेल, पाणी काहीही भरू नका. डब्याला भोके पाडा म्हणजे मोहच उरणार नाही. भाताच्या कणगीशेजारी औषध ठेवू नका. आणि पंप नदीत धुऊ नका. मलप्रभा कणकुंबीला आपल्याच तालुक्यात उगम पावते, आणि पुढे हुबळी-धारवाडची माणसे तिचेच पाणी पितात.

घरोघरी करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. एक साधी वही घाला, तीत तारीख, पीक, औषध, माप आणि तोडणीचा दिवस लिहा. दुकानदाराकडून पावती घ्या. डब्यावरील रंगीत खूण पाहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळी, निळी आणि हिरवी. लाल खुणेचा डबा भाजीच्या मळ्यात नेण्याआधी दहा वेळा विचार करा. माहितीपत्रक कन्नडमध्ये असते आणि आपल्यापैकी अनेकांना ते वाचता येत नाही, तर शाळेत कन्नड शिकणाऱ्या मुलाकडून ते वाचून घ्या. शंका असेल तर दुकानाऐवजी रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. भगिनींनी भाजी मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. वरचे औषध बरेच जाते, झाडाच्या अंगात भिनलेले मात्र धुऊन जात नाही. म्हणून स्वयंपाकघराने शेताची चूक निस्तरावी अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. रायचूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठात अवशेष तपासणीची प्रयोगशाळा आहे. बेळगावच्या बाजारातून नेमाने नमुने तिकडे जावेत आणि निकाल शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कळावेत. शेतकऱ्याला दंड करण्याआधी, बंदी असलेले औषध विकणाऱ्याला धरावे. चांगल्या मालाला वेगळा भाव मिळाला तर नियम पाळण्याचा उपदेश करावा लागणार नाही.

परंतु सरकारची वाट पाहत थांबू नये. या हंगामात प्रत्येक भाजीवाल्या कुटुंबाने एवढेच ठरवावे की परसातला वाफा आणि विक्रीचा वाफा यांना एकच नियम लागेल. विक्रीच्या वाफ्यातली पहिली तोडणी आपल्याच चुलीवर शिजवावी, आणि ती मुलांच्या ताटात वाढावयास हात कचरत असेल, तर तो माल त्या दिवशी गाडीत चढवू नये.