हाडांचे औषध आणि मात्रेचे भान



कंबर धरते, पायांत गोळे येतात, हातांना मुंग्या येतात. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या, उभ्याने पाळी भरणाऱ्या आपल्या माणसांना हे दुखणे नवे नाही. अशा वेळी शेजारीण मायेने म्हणते, "आमच्या ह्यांना डायलिसिसवाल्या डॉक्टरांनी कॅल्शियमसाठी भारी गोळी दिली आहे, त्यातलीच चार दिवस घेऊन बघ." घाटकोपरच्या रमाबाई नगरापासून बोरिवलीच्या चाळींपर्यंत भाकरी वाटून खाण्याची आपली रीत आहे. ती आम्हाला मोलाची वाटते. पण औषध वाटून खायचे नसते. का, ते समजून घेऊ.

शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेल्या थोडक्यावर स्नायू, नसा आणि हृदय यांचे काम चालते. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला 'ड' जीवनसत्त्व लागते. ते उन्हाने कातडीत तयार होते, पण तसेच कामाला येत नाही. त्यावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात प्रक्रिया होते, तेव्हा कुठे ते कामाचे होते. या तयार रूपाला कॅल्सिट्रिऑल म्हणतात. १९७१ साली शास्त्रज्ञांना त्याची ओळख पटली.

आता ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले, त्याने कितीही ऊन घेतले तरी ही शेवटची पायरी नीट पार पडत नाही. रक्तातले कॅल्शियम घटते आणि शरीर ते हाडांतून ओढू लागते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत त्यामागच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली, तरीही कॅल्शियम उतरते. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे वळतात. अशा रुग्णांना डॉक्टर गरजेप्रमाणे कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल देतात. अल्फाकॅल्सिडॉल यकृतातच तयार होते, मूत्रपिंडावर अडत नाही.

इतरांच्या साध्या कमतरतेला बहुधा साधे 'ड' जीवनसत्त्व पुरते. त्याची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची असते, रोज नव्हे. या पुडीत १,५०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर कॅल्सिट्रिऑलच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये अवघे ०.२५ मायक्रोग्रॅम. आकडा लहान म्हणून औषध सौम्य समजू नका. ते तयार रूपातले असल्याने लवकर लागू पडते आणि जास्त झाले तर रक्तात कॅल्शियम चढते. मळमळ, बद्धकोष्ठ, फार तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची चिन्हे. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. म्हणून हे औषध चालू असताना कॅल्शियम, फॉस्फरस व क्रिएटिनिनची तपासणी सांगितलेल्या तारखेला करावीच.

उलट, ज्याला ते खरोखर लागते त्याने महाग पडते म्हणून परस्पर बंद करू नये. जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची चौकशी करावी आणि अडचण डॉक्टरांना उघड सांगावी.

विनयपिटकात तथागतांनी आजाऱ्याचे गुण सांगितले आहेत. औषध घेणे, दुखणे शुश्रूषा करणाऱ्यापासून न लपवणे, हे त्यांत आहेच. पण हितकर गोष्टीचीही मात्रा ओळखावी, हेही त्यांत आहे. त्याहून अचूक सल्ला आम्ही काय देणार?

ज्यांचे मूत्रपिंड ठीक आहे, त्यांनी नाचणीची भाकरी, तीळ, काट्यासकट खाता येतील अशी लहान मासळी जेवणात ठेवावी आणि अंगाला ऊन लागू द्यावे. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र आहारही विचारूनच ठरवावा. दुखणे हटत नसेल तर राजावाडी, कूपर किंवा कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय गाठा, केसपेपर काढा आणि घरात जी जी औषधे चालू आहेत ती पाकिटासकट डॉक्टरांपुढे ठेवा. शेजारणीला मदत करायची असेल, तर आपली गोळी देऊ नका. तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहा.