आकाशातले अंतर आणि भोर-वेल्ह्याची वाट

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून सिंधुदुर्गातील चिपीला जाणारी विमानसेवा २०२४ साली सुरू झाली. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे २९० किलोमीटर आणि प्रवास साधारण तासाभराचा. नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी रेषा ओढली, तर ती जवळजवळ भोर गावावरूनच जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग थोडाफार वळसा घेत असेल. तरी लोहगाव ते भोर एवढे अंतर तोडण्यास विमानाला दहा मिनिटे पुरतात.

त्याच भोरहून वेल्ह्याला जायचे, तर हिशेब पालटतो. सरळ रेषेत ही दोन्ही तालुक्यांची ठाणी तीस किलोमीटरही दूर नाहीत. परंतु मध्ये डोंगर आहेत, भाटघरचे पाणी आहे. म्हणून नेहमीची वाट कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी अशी फिरून जाते. एसटी चुकली की गाड्या बदलण्यातच सकाळ सरते, आणि दुर्गम वाडीवरच्या माणसाला तर आधी डांबरी रस्त्यापर्यंत पायी यावे लागते.

कोकणात विमान जाऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न सार्वजनिक पैसा कोणत्या तत्त्वावर खर्च होतो, हा आहे. २०१६ साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने तासाभराच्या विमानप्रवासासाठी ठरावीक आसनांपुरती अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा घातली. कंपनीची तूट भरून देण्याची जबाबदारी केंद्राच्या निधीने व राज्य सरकारांनी उचलली. एवढे करूनही फलित काय? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि त्यानंतर टिकले ते ५४.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विमानाच्या बाबतीत सरकार फेरी चालावी म्हणून पैसे देते; एसटीच्या बाबतीत तिकिटावर सवलत देते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट, हे निर्णय स्वागतार्हच होत. परंतु सवलतीची भरपाई प्रवाशांच्या संख्येवर मिळते. जेथे वस्ती विरळ, तेथे भरपाईही तुटपुंजी, आणि तोट्यातली फेरी म्हणून कात्री लागते ती तिलाच. ज्या म्हातारीला मोफत प्रवासाचा हक्क आहे, तिच्या गावाला गाडीच नसेल तर त्या हक्काचे तिने करायचे काय?

वास्तविक या दोन तालुक्यांचे देणे मोठे आहे. पानशेत आणि वरसगावच्या धरणांखाली वेल्ह्याची खोरी गेली, तेव्हा पुण्याचे नळ वाहिले. भाटघरखाली भोरची जमीन बुडाली, तेव्हा नीरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला. नाव बदलण्यास गाडी लागत नाही, हे खरेच!

विमानफेरीची तूट भरून काढणे हे सरकारला शक्य असेल, तर तोच न्याय डोंगरी तालुक्यांतील एसटीच्या फेऱ्यांना लावला पाहिजे. त्यासाठी जिल्हा नियोजन समितीने पुढील अंदाजपत्रकापूर्वी भोर आणि वेल्ह्यातील प्रत्येक वाडीपासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचण्यास लागणारा वेळ मोजून प्रसिद्ध करावा, किलोमीटरांत नव्हे, तासांत. आणि ज्या गावांचा वेळ सर्वांत जास्त भरेल, तेथील फेऱ्यांची तूट त्या निधीतून प्रथम भरावी.