आयेंदे यांचे नाव घेण्याचा अधिकार

जगाला लोकशाहीची दीक्षा देण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे, असा अमेरिकेच्या राज्यकर्त्यांचा समज फार जुना आहे. आपल्यावाचून राष्ट्र तरणार नाही, असा नवस्वतंत्र देशांतील सत्ताधाऱ्यांचा समजही तितकाच दृढ आहे. वरवर पाहता हे दोन समज परस्परांचे वैरी भासतात. वस्तुतः ते एकमेकांच्या आधाराने जगतात. महासत्ता लोकशाहीचे नाव घेऊन दुबळ्या राष्ट्रांच्या कारभारात हात घालते, आणि त्या हाताकडे बोट दाखवून देशी सत्ताधारी आपल्याच जनतेच्या मुसक्या आवळतो. या दोघांचेही ढोंग एकाच वेळी उघडे पाडणारे उदाहरण हवे असेल, तर दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाची १९७० ते १९७३ ही तीन वर्षे समाजवादी कार्यकर्त्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहावीत.

४ सप्टेंबर १९७० रोजी चिलीत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. समाजवादी पक्षाचे साल्वादोर आयेंदे तिरंगी लढतीत सुमारे ३६ टक्के मते मिळवून पहिले आले. कोणालाही निर्विवाद बहुमत नसल्यास निवड संसदेने करावी, असा तेथील घटनेचा दंडक होता. त्याप्रमाणे २४ ऑक्टोबरला संसदेने १५३ विरुद्ध ३५ मतांनी आयेंदे यांची निवड केली. त्यासाठी ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाने घातलेली अट, म्हणजे वृत्तपत्रे, कामगार संघटना, शिक्षणसंस्था यांच्या स्वातंत्र्याची घटनात्मक हमी, आयेंदे यांनी मान्य केली होती. मतपेटीतून आलेला, संसदेने निवडलेला, विरोधकांना लेखी हमी देऊन सत्तेवर बसलेला असा हा मार्क्सवादी राष्ट्राध्यक्ष होता. लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात याहून निर्दोष सत्तांतर सापडणे कठीण.

मग वॉशिंग्टनमध्ये काय झाले? १५ सप्टेंबर १९७० रोजी, म्हणजे आयेंदे यांचा शपथविधी होण्यापूर्वीच, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सीआयएच्या प्रमुखांना बोलावून आयेंदे यांना सत्तेवर येऊ देऊ नका, असा आदेश दिला. चिलीची अर्थव्यवस्था किंकाळ्या फोडील असे करा, या आशयाचे टिपण त्या बैठकीतच प्रमुखांनी आपल्या हाताने लिहून ठेवले. एखाद्या देशाची जनता बेजबाबदारपणे वागून साम्यवादाकडे जाणार असेल, तर आपण का पाहत बसावे, असा सवाल निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी त्याच वर्षी केला होता. मतदाराने आपल्याला हवे तसे मत दिले नाही की तो बेजबाबदार ठरतो! ज्यांनी सर्व जगाला मतस्वातंत्र्याचे धडे दिले, त्यांच्या मनातील लोकशाहीची ही व्याख्या आहे.

चिलीच्या सैन्याने घटनेशी एकनिष्ठ राहिले पाहिजे, असे मानणारे सरसेनापती रेने श्नायडर यांचे अपहरण करण्याचा प्रयत्न २२ ऑक्टोबरला झाला. त्यात त्यांना गोळ्या लागल्या व तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. अशा अपहरणाचा कट करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांशी सीआयएचा संपर्क होता, ही गोष्ट कोणा डाव्या पत्रकाने उठवलेली आवई नव्हे. अमेरिकेच्या सिनेटने नेमलेल्या चर्च समितीनेच १९७५ साली ती नोंदवून ठेवली आहे.

एवढ्या वैराचे मूळ कशात होते, हे पाहावयास तात्त्विक वादात शिरण्याची गरज नाही. चिलीच्या खाणीत डोकावले म्हणजे पुरे. चिलीच्या निर्यात-उत्पन्नाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग तांब्याचा, आणि तांब्याच्या मोठ्या खाणींवर अनॅकोंडा व केनेकॉट या अमेरिकन कंपन्यांचे वर्चस्व. ११ जुलै १९७१ रोजी चिलीच्या संसदेने घटनादुरुस्ती करून या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. ही दुरुस्ती एकमताने संमत झाली. आयेंदे यांच्या कट्टर विरोधकांनीही तिच्या बाजूने मत दिले. पुढे नुकसानभरपाई ठरविताना आयेंदे यांनी हिशेब मांडला, की १९५५ पासून भांडवलावर बारा टक्क्यांहून अधिक मिळविलेला नफा हा अवाजवी होय व तो भरपाईतून वजा झाला पाहिजे. या हिशेबाने त्या दोन कंपन्यांना भरपाई मिळण्याऐवजी त्यांच्याकडूनच येणे निघाले. सावकाराची वही कुळाने प्रथमच उलटून पाहिली होती. सावकार ते कसे सहन करणार?

त्यानंतर जे घडले, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षपूर्वक वाचावे. १९६९ साली अमेरिकेने चिलीला साडेतीन कोटी डॉलरांची द्विपक्षीय मदत दिली होती. १९७१ साली ती पंधरा लाखांवर आली. आयेंदे यांच्या कारकिर्दीत जागतिक बँकेने चिलीला एकही नवे कर्ज दिले नाही. विमाने विकत घेण्यासाठी मागितलेले कर्ज अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेने नाकारले. केनेकॉटने युरोपातील न्यायालयांत दावे लावून चिलीच्या तांब्यावर जप्ती आणण्याचा उद्योग केला. मात्र एक मदत थांबली नाही, ती चिलीच्या सैन्याला मिळणारी! आयेंदे यांच्या निवडीपासून लष्करी उठावापर्यंत सीआयएने गुप्त कारवायांवर सुमारे ऐंशी लाख डॉलर खर्च केले. त्यांतील पंधरा लाखांहून अधिक ‘एल मेर्कुरिओ’ या एकट्या विरोधी वृत्तपत्राला मिळाले.

त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेली निवडणूक भारतीय वाचकाच्या स्मरणात असलीच पाहिजे. डिसेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानातील १६२ जागांपैकी १६० जागा शेख मुजीब यांच्या अवामी लीगने जिंकल्या. मतपेटीचा एवढा स्पष्ट कौल याह्याखानांच्या सैन्याने रक्तात बुडविला, तेव्हा निक्सन व किसिंजर कोणाच्या बाजूला उभे राहिले? डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू जहाजाने त्याचे उत्तर दिले. महासत्तेच्या वैराची भीती ही भारतात कोणाची कविकल्पना नव्हती, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ती भीती खरी होती, म्हणूनच तिचा जो वापर पुढे झाला तो अधिक निंद्य ठरतो.

परंतु त्याआधी आयेंदे यांच्या पदरी त्यांच्या चुका घालणेही आवश्यक आहे. कारण हुतात्म्याच्या चुका झाकणारी चळवळ त्याच चुका पुन्हा करते. १९७१ साली वेतने झपाट्याने वाढली, उत्पादनही वाढले. पण वाढलेल्या क्रयशक्तीला पुरेल एवढा माल, विशेषतः धान्य, देशात नव्हता. सरकारने तूट नोटा छापून भरली आणि भाव कायद्याने रोखले. परिणाम व्हायचा तोच झाला. माल दुकानातून नाहीसा होऊन काळ्या बाजारात गेला. १९७२ अखेर महागाईचा दर शंभर टक्क्यांच्या पलीकडे पोचला. तांब्याचे जागतिक भाव घसरल्याने परकीय चलन आटले. आघाडीतील काही गट तर संसदीय मार्गाची उघड हेटाळणी करीत होते. मध्यमवर्ग बिथरला, आणि ऑक्टोबर १९७२ च्या मालमोटार-मालकांच्या संपाने सारा देश ठप्प झाला. परकीयांनी तेल ओतले हे खरे, पण घरात पेटण्याजोगे गवत साठले होते हेही तितकेच खरे. समाजवाद म्हणजे हिशेब न ठेवण्याचा परवाना नव्हे, हे समाजवाद्यांनीच सर्वांत आधी म्हटले पाहिजे.

या सर्व विपत्तीत आयेंदे यांनी एक गोष्ट मात्र केली नाही. त्यांनी संसद बरखास्त केली नाही. परकीय पैशावर चालणारे विरोधी वृत्तपत्र रोज सकाळी त्यांच्यावर विष ओकत होते, तरी ते निघतच राहिले. टंचाईने लोक गांजलेले असताना मार्च १९७३ मध्ये संसदेच्या निवडणुका ठरल्याप्रमाणे झाल्या. त्यांत आयेंदे यांच्या आघाडीला ४३ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि त्यांना महाभियोगाने दूर करण्याइतके बळ विरोधकांना मिळू शकले नाही. मतपेटीचा मार्ग खुंटला, तेव्हाच रणगाड्यांचा मार्ग उघडला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा प्रासादावर त्यांच्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले. आयेंदे यांनी शरण जाण्याचे नाकारून तेथेच देह ठेवला. उठावाचा म्होरक्या पिनोशे याला एकोणीसच दिवसांपूर्वी त्यांनीच विश्वासाने सरसेनापती नेमले होते.

पुढची सतरा वर्षे चिलीने काय भोगले, याचा हिशेब लोकशाही परतल्यावर नेमलेल्या सरकारी आयोगांनी केला आहे. तीन हजारांहून अधिक लोक मारले गेले वा कायमचे नाहीसे झाले. कैद व छळ सोसलेल्यांची संख्या हजारांच्या दशकांत मोजावी लागते. शिकागोत शिकलेल्या अर्थपंडितांनी १९७५ साली दिलेल्या ‘धक्क्या’ने राष्ट्रीय उत्पन्न त्या एका वर्षात सुमारे तेरा टक्क्यांनी घटले. गंमत अशी, की ज्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणासाठी आयेंदे यांचा बळी गेला, त्या खाणी पिनोशेनेही परत केल्या नाहीत. १९७६ साली त्यांचे सरकारी महामंडळ करून त्याच्या विक्री-उत्पन्नाचा दहावा हिस्सा सैन्याला तोडून दिला. तांबे लोकांच्या उपयोगी पडले तर ते पाप, आणि सेनापतींच्या उपयोगी पडले तर मात्र महासत्तेची हरकत नाही!

आता आपल्या देशाकडे वळावे. १९७४-७५ मध्ये जयप्रकाशांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले, तेव्हा चिलीत जे घडले तेच येथे घडविण्याचा परकीय डाव आहे, असा प्रचार सत्तारूढ पक्षाने चालविला. आणीबाणीचे समर्थन करतानाही आयेंदे यांचे नाव घेतले गेले. या तुलनेचा शहाजोगपणा पाहावा! आयेंदे यांनी विरोधी वृत्तपत्र चालू ठेवले. येथे २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. आयेंदे यांनी ऐन संकटात निवडणुका घेतल्या; येथे लोकसभेची मुदत वाढविण्यात आली, आणि तिचा निषेध म्हणून मधू लिमये यांना तुरुंगातून सदस्यत्वाचा राजीनामा द्यावा लागला. एक लाखाहून अधिक माणसे गजाआड गेली. मृणाल गोरे, मधू दंडवते यांच्यासारखे, आयेंदे यांच्या मृत्यूचे खरे दुःख झालेले लोक त्यांत होते. आयेंदे यांचे नाव आणि पिनोशेची रीत, असा हा व्यवहार होता. त्याची भलामण करण्यात मॉस्को आघाडीवर होते, यात नवल नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे पाठवून दुबचेक यांचा मानवी चेहऱ्याचा समाजवाद ज्यांनी चिरडला, त्यांना दिल्लीतील काळोख कशाला खुपावा?

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, अशी म्हण आहे. निक्सन गेले, पिनोशे गेला, किसिंजरही २०२३ साली गेले. सोव्हिएत संघराज्य तर १९९१ सालीच मोडले. पण दुबळ्या राष्ट्राचा कौल आपल्या सोयीने मोजण्याची महासत्तेची सवय, आणि ‘परकीय हात’ दाखवून प्रश्नकर्त्याला देशद्रोही ठरविण्याची सत्ताधाऱ्याची सवय, या दोन्ही सोकावलेल्या आहेत. एकीचा निषेध करताना दुसरीकडे डोळेझाक करणारा माणस लोकशाहीचा मित्र नव्हे, मग तो कोणत्याही रंगाचा झेंडा खांद्यावर घेवो.

चिलीच्या जनतेने ५ ऑक्टोबर १९८८ रोजी पिनोशेला घालविले, ते पुन्हा मतपेटीनेच. सुमारे ५६ टक्के लोकांनी त्याच्या विरोधात कौल दिला. भयाच्या छायेखाली घरोघर जाऊन मतदारांच्या नोंदी करणाऱ्या असंख्य अनाम कार्यकर्त्यांचे ते काम होते. कोणा महासत्तेने ते दान दिले नव्हते, की कोणा तारणहार नेत्याने. आयेंदे यांच्यापाशी सरकार होते, पण सरकार सांभाळील एवढे गावोगावचे संघटन आणि बाजार सांभाळील एवढी आर्थिक शिस्त नव्हती. या दोन गोष्टी उभ्या करणे हे मंत्र्यांचे नव्हे, कार्यकर्त्यांचे काम आहे. ते करीत असताना, संकटाचे कारण सांगून आपल्याच नेत्याने विरोधकाचे तोंड बंद करायला काढले, तर पहिला नकार कार्यकर्त्यानेच दिला पाहिजे. तो नकार जो देईल, त्यालाच आयेंदे यांचे नाव घेण्याचा अधिकार आहे.