लढाईची बरकत आणि कंट्रोलचे धान्य

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा ते चार दिवस पुण्याच्या वाघोलीत प्रत्येकाचे कान आभाळाकडे होते. लोहगावचा विमानतळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तो मुळात उभा राहिला तोच 1939 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश हवाई दलासाठी. त्यांतल्या एका संध्याकाळी सोसायटीच्या बाकांवर बरीच चर्चा झाली. शिकलेली, सज्जन माणसे बोलत होती आणि त्यांच्या बोलण्यात तीन विधाने पुन्हा पुन्हा आली. एक, युद्धाने देश श्रीमंत होतो, अमेरिका बघा. दोन, टंचाई आली तर भाव मोकळे सोडावेत, कारण रेशन आणि नियंत्रण म्हणजे काळ्या बाजाराला आमंत्रण. तीन, सिनेमा-गाण्यांनी लोकांची मने पेटवली की लोक हसत हसत पोटाला चिमटा घेतात. तिन्ही विधानांना आधार एकच होता, 1941 ते 1945 ची अमेरिका. ही विधाने मला चुकीची वाटतात, आणि नुसती चुकीची नव्हे, घातकही वाटतात. कारण तेच युद्ध आपल्या पुण्यातही झाले होते आणि त्याचा हिशेब आपण विसरलो आहोत.

आधी पूर्वपक्षातले खरे तेवढे मान्य करू. अमेरिकेत 1940 साली दर सात कामकऱ्यांमागे एक जण बेकार होता. 1944 साली बेकारी सव्वा टक्क्याच्या आसपास आली. कारखान्यांना माणसे पुरेनात, म्हणून बायका जहाजबांधणीच्या गोदीत वेल्डिंग करू लागल्या. घरोघर पगार येऊ लागला. हे खोटे नाही.

पण पगार आला म्हणजे बरकत आली का? अमेरिकन कुटुंबाच्या हातात पैसा होता, पण दुकानात माल नव्हता. फेब्रुवारी 1942 मध्ये खासगी मोटारी बनवणे थांबले. टायर आधीच रेशनवर गेले होते. त्याच वर्षी साखर, कॉफी आणि पेट्रोलवर कुपने आली. 1943 मध्ये चामडी बुटांवर बंधन आले, वर्षाला माणशी साधारण तीन जोड. मग मांस, लोणी, चीज, डबाबंद भाज्या. घराच्या परसात, शाळेच्या मैदानात भाजीचे वाफे निघाले, तशा बागा सुमारे दोन कोटी होत्या असा अंदाज आहे. तांबे तोफगोळ्यांना हवे म्हणून 1943 चा अमेरिकन सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचा पाडला गेला. युद्धाने या घरांना दिली ती मजुरी. वस्तू दिल्या नाहीत, उलट काढून घेतल्या.

मग ती घरे उद्ध्वस्त का झाली नाहीत? कारण हातातला जादा पैसा आणि दुकानातला थोडका माल यांची गाठ सरकारने मोकाट पडू दिली नाही. श्रीमंतांच्या उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावरचा कर 1944 साली 94 टक्क्यांवर गेला. बचत युद्धरोख्यांत वळवली गेली. जानेवारी 1942 च्या कायद्याने किंमत-नियंत्रण खात्याला दात मिळाले. जॉन केनेथ गालब्रेथ हा तरुण अर्थशास्त्रज्ञ त्या खात्यात किमतींचा विभाग सांभाळत होता. 1940 ते 1945 या पाच वर्षांत तिथला किरकोळ महागाईचा निर्देशांक सुमारे 28 टक्क्यांनी वाढला. म्हणजे अमेरिका तगली ती युद्धामुळे नव्हे. युद्धाने उघडलेली जखम तिने वेळेवर बांधली, म्हणून तगली.

ज्यांनी ती बांधली नाही त्यांचे काय झाले, हे बघायला फार लांब जायला नको. माझी आजी आमच्या नगर रस्त्यावरच्या एका गावात 1943 साली नवी नवरी होती. तिच्या ट्रंकेत सुतळीत ओवलेली भोकाच्या पैशांची माळ होती. मधोमध मोठे भोक, भोवती काशाची बारीक कडी. लहानपणी मी ते बोटात अंगठीसारखे घालायचो. ते भोक धातू वाचवण्यासाठी होते, हे मला फार उशिरा कळले. चांदी संपत आली म्हणून 1940 मध्ये एक रुपयाची कागदी नोट पुन्हा आली आणि अधेली-पावलीतली चांदी निम्म्यावर आणली गेली. आजी सांगायची, रॉकेल मिळेना म्हणून दिवेलागणीच्या आत जेवणे उरकायची. लुगडे मिळेना म्हणून दोन विटक्या लुगड्यांचे धड भाग जोडून दंड घालायचा. गिरण्या तर धडधडून चालू होत्या, पण माग लष्कराचे कापड विणत होते.

इथेही रोजगार वाढला होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, देहूरोडच्या डेपोत हजारो हात लागले. मग लढाईची बरकत पुण्याच्या घरात का शिरली नाही? कारण ब्रिटिश सरकार इथला माल आणि इथली मेहनत उचलत होते, त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत आपल्या नावे मांडून ठेवत होते आणि त्या मांडलेल्या आकड्यांच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा छापल्या जात होत्या. चलनातल्या नोटा युद्धाच्या सहा वर्षांत सुमारे सहापट झाल्या. घाऊक किमती अडीचपटीच्या घरात गेल्या. हे कोणाला दिसत नव्हते असे नाही. मुंबईत प्रा. चं. न. वकील यांनी 1943 मध्येच घसरत्या रुपयावर पुस्तक लिहिले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी त्याच वर्षी युद्धकालीन अर्थनीतीची चिकित्सा प्रसिद्ध केली. इशारा वेळेत दिलेला होता. ऐकणारे सरकार आपले नव्हते.

त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे रस्त्यावर पडून मेली. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा 15 लाख धरला, पुढच्या अभ्यासकांनी तो 30 लाखांपर्यंत नेला. अन्न महाग झाले, मजुराची मजुरी त्या वेगाने वाढली नाही आणि वाटपाची व्यवस्था उभी राहण्याआधीच माणसे संपली. ‘युद्धाने देश श्रीमंत होतो’ म्हणणाऱ्याने हे 15 ते 30 लाख जीव हिशेबाच्या कोणत्या बाजूला लिहायचे ते सांगावे.

आता दुसरे विधान, नियंत्रण म्हणजे काळाबाजार. काळाबाजार झाला, अमेरिकेतही झाला. तिथे मांस चोरून विकले गेले, पेट्रोलची बनावट कुपने फिरली. इथे साठेबाजांनी कापड आणि धान्य दडवले. पण नियंत्रण उठवल्यावर काय झाले तेही बघावे लागेल. अमेरिकेत 1946 च्या जूनअखेर किंमत-नियंत्रणाचा कायदा संपला आणि भाव उसळले. सरकारने काही नियंत्रणे परत आणून पाहिली, पण वेळ गेली होती. आपल्याकडे डिसेंबर 1947 पासून धान्यावरची नियंत्रणे सैल केली. गांधीजींचाही तसा आग्रह होता, शेतकरी आणि व्यापारी यांच्या सचोटीवर त्यांचा भरवसा होता. किमती भडकल्या आणि 1948 मध्ये नियंत्रणे परत आणावी लागली. या दोन घटना एकच गोष्ट सांगतात: माल तुटपुंजा असताना भाव मोकळे सोडले, तर माल वाढण्याआधी गरिबाचे ताट रिकामे होते.

हे समजायला वाघोलीकराला इतिहासाची गरज नाही. 2021 मध्ये आमचे गाव पुणे महापालिकेत आले, पण उन्हाळ्यात आमच्या टाक्या आजही टँकरनेच भरतात. काही वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये टँकरचा भाव आठवड्यात दोनदा चढला. आमच्या एका इमारतीने आपल्यापुरते जादा पैसे मोजून टँकर वळवले. बाजूच्या इमारतीत त्या दिवशी पाणी आले नाही. तिथे तान्ही मुले होती, अंथरुणाला खिळलेल्या एक आजी होत्या. बैठक झाली, आवाज चढले आणि शेवटी ठरले की सगळे टँकर सोसायटीच्या नावे येतील, प्रत्येक मजल्याला सकाळी चाळीस मिनिटे पाणी मिळेल आणि टँकरची पावती फलकावर लागेल. पाणी वाढले नाही, तेवढेच होते. पण भांडण थांबले. कोणी लपवून मोटर लावली तर शेजारीच दार वाजवू लागले. रेशन म्हणजे नेमके हेच. अमेरिकेत ते अशाच रीतीने चालले. गावोगाव हजारो स्थानिक मंडळे होती, त्यांत पगाराशिवाय काम करणारे नागरिक होते. दुकानात कमाल किमतीचा फलक लागे आणि तो तपासायला बहुतेक ठिकाणी मोहल्ल्यातल्या बायकाच जात.

आपल्याकडे कंट्रोल आले ते निराळ्या वाटेने. मुंबईत रेशनिंग मे 1943 मध्ये सुरू झाले, भाव हाताबाहेर गेल्यावर. शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याची सक्तीची लेव्ही उचलली गेली. आणि हे करणारे कोण? सप्टेंबर 1939 मध्ये व्हाइसरॉयने भारताला न विचारता युद्धात ओढले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मुंबई इलाखा गव्हर्नरच्या हाती गेला. ऑगस्ट 1942 नंतर लोकांचे पुढारी तुरुंगात होते. गांधीजी तर आमच्या याच नगर रस्त्यावर, येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये मे 1944 पर्यंत स्थानबद्ध होते. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. तराजू धरणाऱ्यावर विश्वास नसेल, तर मापात खोट नसली तरी ते माप खोटेच वाटते. काळाबाजार फोफावतो तो या अविश्वासात.

तिसऱ्या विधानाचे उत्तरही यातच आहे. अमेरिकन चित्रपटगृहे युद्धरोखे विकत होती. ‘कासाब्लांका’सारखा चित्रपट 1942 च्या अखेरीस आला आणि प्रेक्षकांना तो आपला वाटला. हॉलिवूडवरही बंधने होती, एका चित्रपटाच्या सेटसाठी 5,000 डॉलरपेक्षा जास्त नवे सामान वापरता येत नसे. आपल्याकडेही कच्च्या फिल्मवर परवाना आला, चित्रपटाची लांबी 11,000 फुटांवर बांधली गेली, सरकारी वार्तापट दाखवणे सक्तीचे झाले. प्रचाराचे सामान दोन्हीकडे सारखेच होते. लोकांनी त्याचे काय केले? ‘किस्मत’ 1943 मध्ये आला. त्यातल्या कवी प्रदीपांच्या गाण्यात नावे जर्मन आणि जपानी यांची होती, म्हणून ते सेन्सॉरमधून सुटले. थिएटरातल्या प्रत्येकाला मात्र खरा रोख कोणावर आहे ते कळत होते, आणि तो चित्रपट कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. पुण्यात तर 24 जानेवारी 1943 ला लष्कर भागातल्या कॅपिटॉल थिएटरात, ब्रिटिश सैनिक सिनेमा बघत असताना, बॉम्ब फुटला. त्या कटातले भास्कर कर्णिक दारूगोळा खात्यातच नोकरीला होते. पोलिसांच्या हाती लागल्यावर फरासखान्यात विष घेऊन त्यांनी प्राण दिला. जशा थिएटरात अमेरिकन माणूस रोखे घेत होता, तशाच थिएटरात पुण्याचा तरुण बॉम्ब ठेवत होता. गाण्यांनी त्याग उभा राहत नाही. त्याग आधी मनात असेल, तर गाणे त्याला सूर देते.

अमेरिकेला मी आदर्श म्हणत नाही. त्याच सरकारने सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत कोंडले, आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. काळ्या सैनिकांना वेगळ्या पलटणींत ठेवले. वाटणी सारखी करणारा देशही ‘आपले कोण’ हे ठरवताना चुकला, आणि ती चूक त्याच्या हिशेबात कायमची राहिली.

माझे मंडन एवढेच आहे. युद्ध संपत्ती निर्माण करत नाही, ते टंचाई निर्माण करते. त्या टंचाईतून समाज शाबूत बाहेर पडायचा, तर तीन गोष्टी लागतात: ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून जास्त घेणे, जे थोडे आहे ते मापून सर्वांना देणे आणि ते माप लोकांनी निवडलेल्या, लोकांना उत्तर देणाऱ्या हाती असणे. पहिल्या दोन गोष्टी कायद्याने आणता येतात. तिसरी शांततेच्या काळात कमवावी लागते, कारण गोळ्या सुटू लागल्यावर ती कमवायला कोणाकडेच वेळ नसतो.

आमच्या भागात आजही म्हाताऱ्या बायका रेशन दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. ‘कंट्रोलचा तांदूळ आला का गं?’ असे विचारतात. ऐंशी वर्षांपूर्वीच्या लढाईने आपल्या बोलीत ठेवलेला तो शब्द आहे. बाकावरच्या मित्रांना माझी विनंती आहे, लढाईने कोण श्रीमंत झाले याची चर्चा करण्याआधी आपल्या वस्तीतले रेशन दुकान एकदा जाऊन बघा. फलकावर भाव लिहिलेला आहे का, काटा बरोबर आहे का, रांगेतल्या बाईला पावती मिळते का. उद्या खरोखर वेळ आली, तर आपल्याला तारणारी व्यवस्था तीच आहे.