घरचा जमाखर्च : सांताक्लॉजचे बिल कोण भरतो?



डिसेंबर महिना आपल्या घरात नेहमीच खर्चाचा. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, त्यासाठी गावाहून आलेले पाहुणे, त्यांचे जेवणखाण, शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून घेतलेली पुस्तके. महिना संपता संपता 1 जानेवारीच्या भीमा कोरेगावच्या गाडीची वर्गणी. हा खर्च आपण वर्षानुवर्षे करीत आलो आणि त्याचे ओझे कोणाला वाटत नाही. परंतु अलीकडे या दोन तारखांच्या मध्ये आणखी एक खर्च येऊन बसला आहे. आपल्या आईवडिलांच्या वहीत तो कधी नव्हता. तो म्हणजे मुलांच्या नाताळच्या भेटवस्तूंचा.

हा खर्च घरात शाळेच्या वाटेने आला. आपण पोटाला चिमटा काढून मुले इंग्रजी माध्यमात घातली. काहींना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांतून खासगी शाळेत प्रवेश मिळाला. त्यात काही चूक नाही, चांगलेच झाले. पण या शाळांत नाताळच्या सुट्टीआधी समारंभ असतो. लाल झगा नि पांढरी दाढी लागते. वर्गात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेट द्यायची असते, त्याला 'सीक्रेट सांता' म्हणतात. सुट्टी संपून शाळा उघडली की पहिला प्रश्न, तुझ्या सांताने तुला काय आणले? ज्याच्या सांताने काही आणले नाही, त्याने काय सांगायचे?

मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून आधी आकडे मांडतो. असे धरा की वीस हजार रुपये पगाराचे घर आहे आणि दोन मुले शाळेत आहेत. एका मुलामागे झगा-टोपीचे 350, वर्गातल्या पार्टीची वर्गणी 200, चिठ्ठीतल्या मित्राची भेट 250, आणि घरी सांताने उशाशी ठेवायची गाडी किंवा बाहुली 1,500. झाले 2,300. दोघांचे 4,600, आणि वर एक केक 500 रुपयांचा. एकूण 5,100. म्हणजे पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिकच. घरभाडे, फी, गॅस, औषधपाणी यांतले काहीही यात धरलेले नाही. कोणाच्या घरी हा आकडा दोन हजारांवर थांबेल, कोणाच्या घरी मोबाईल मागितला गेला तर दहा हजारांच्या पुढे जाईल. प्रत्येकाने आपली वही काढावी.

एक खुलासा इथेच करतो. हे लिखाण नाताळ सणाविरुद्ध नाही. अहिल्यानगर, जालना भागात एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेली कितीतरी घरे पूर्वाश्रमीच्या आपल्याच बांधवांची आहेत, काहींशी आपले अजून नातेगोते आहे. त्यांचा सण तो त्यांचा सन्मान. वसईकडच्या किंवा गोव्याच्या जुन्या ख्रिस्ती घरात नाताळ म्हणजे प्रार्थना, घरी केलेला गोठा, कागदी चांदणी, नव्या कपड्यांचा जोड आणि शेजाऱ्यांकडे पाठवलेले नेवऱ्या-दोदोलचे ताट. मुलाच्या उशाशी रिमोटची गाडी हवीच, असे त्या ताटात कुठे लिहिलेले नव्हते. ज्या संत निकोलसवरून हा सांता आला, त्याची दंतकथाही वेगळी आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा तो बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्याने रात्री गुपचूप पैसे टाकले, कोणाला कळू न देता. आज भेट आली की आधी तिचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो.

आता मूळ मुद्दा. आपल्या महिला मंडळाच्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा मी वरच्यासारखेच आकडे सांगत होतो. एक भगिनी उठून म्हणाली, "दादा, हिशेब मलाबी कळतो. पण सगळी पोरं भेट उघडत असताना माझं एकटं कोपऱ्यात बसलं, तर ते मी कुठल्या वहीत लिहू?"

या प्रश्नावर बैठक गप्प झाली. उधळपट्टी, चैन, देखादेखी असे शब्द आपण कार्यकर्ते पटकन वापरतो. ते शब्द इथे लागू पडत नाहीत. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला वेगळ्या गोणपाटावर कोपऱ्यात बसावे लागे. तो गोणपाट शाळेचा झाडूवालाही शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या समाजाने वेगळे बसणे म्हणजे काय ते पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्या समाजातली आई आपले मूल वर्गात वेगळे पडू नये म्हणून पंधराशे रुपये मोजते. तिला ती वेगळे न बसण्याची फी वाटते. दुकानदाराला गोणपाट ठाऊक नसेल, पण आईच्या मनातली धास्ती त्याला पक्की ठाऊक आहे, आणि त्याचा सारा धंदा त्या धास्तीवर चालतो.

हे आपल्याच बाबतीत घडते असेही नाही. ज्या देशांत हा सण घरोघरी आहे, तिथल्या कष्टकऱ्यांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत गॅलप ही संस्था दरवर्षी लोकांना विचारते की यंदा नाताळच्या भेटींवर एकूण किती खर्च कराल. 2024 च्या नोव्हेंबरात सरासरी उत्तर आले सुमारे एक हजार डॉलर. सरासरी म्हटली की कोट्यधीशही त्यात आला. पण कामगारांनाही हा खर्च पेलावा लागतो, म्हणून तिकडे त्यासाठी वर्षभर पैसे साठवायच्या योजना फार पूर्वीपासून आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने 1909 साली 'ख्रिसमस क्लब' काढला. दर आठवड्याला थोडी रक्कम भरायची आणि डिसेंबरच्या तोंडावर एकदम घ्यायची. म्हणजे आपली भिशीच म्हणा, फक्त बँकेतली.

इंग्लंडात अशीच फेअरपॅक नावाची कंपनी होती. तिचे एजंट म्हणजे गल्लीतल्याच बायका, कोणाची मैत्रीण, कोणाची नणंद. दर आठवड्याला त्या पाच-दहा पौंड गोळा करीत, आणि नाताळच्या आधी घरोघरी खाण्यापिण्याची टोपली आणि खरेदीची कुपने येत. भरणारे बहुतेक कमी पगाराचे, बँक ज्यांना कर्जासाठी दारात उभे करीत नाही असे. सावकाराकडे जायला नको म्हणून ते जानेवारीपासूनच पैसे टाकीत. ऑक्टोबर 2006 मध्ये, नाताळ दोन महिन्यांवर असताना, कंपनी बुडाली. लाखाहून अधिक लोकांचे मिळून साडेतीन कोटी पौंडांच्या वर पैसे अडकले. काही रक्कम परत मिळाली, ती कित्येक वर्षांनी आणि निम्म्याच्या आसपास. या लोकांनी कर्ज काढले नव्हते, ऋण काढून सण केला नव्हता. काटकसरीने पै-पै साठवली होती. तरी बुडाले, कारण त्यांनी ठेवी सांभाळणाऱ्या बँकेत पैसे ठेवले नव्हते, एका दुकानदाराला आगाऊ दिले होते. आपल्याकडेही सोनाराची भिशी, भांड्यांची भिशी, फटाक्यांची भिशी चालते. पावती कोणाच्या नावाची आहे ते भगिनींनी एकदा नीट पाहावे.

आपल्याकडे मात्र साठवण्यापेक्षा हप्त्याची चलती आहे. मोबाईलवर बोट दाबले की खेळणे घरी येते आणि पैसे नंतर. वर लिहिलेले असते, व्याज शून्य. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते बहुधा प्रक्रिया शुल्कात लपवलेले असते. रोख घेतले असते तर मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही, शुल्क लागते, त्यावर जीएसटी लागतो, आणि हप्ता चुकला की दंड. मंडळाच्या भिशीतून दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने उचललेले पैसे अनेकांना स्वस्त वाटतात, पण तेही वर्षाला 36 टक्के झाले. डिसेंबरातली बाहुली जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या वेळी आडवी येते. तोवर बाहुलीचा हातही निखळलेला असतो.

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1993 साली विद्यार्थ्यांना विचारले होते की नाताळात मिळालेल्या भेटी तुम्हाला स्वतःला किती मोलाच्या वाटतात. उत्तर आले, खर्चलेल्या किमतीपेक्षा दहाव्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी. मामा-काका आणि आजी-आजोबांच्या भेटींत तोटा जास्त. (मामांनी रागावू नये.) अर्थात ही मोठी मुले होती. पाच वर्षांचे मूल किंमत जाणत नाही. त्याला शाळेत सांगायला काहीतरी हवे असते, एवढेच.

मग मुलावर खर्चच करू नये का? असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण रामजी सुभेदारांनीही मुलासाठी कर्ज काढले होते. भीमाला पुस्तक हवे असले की ते धाकट्या मुलीकडे उसने पैसे मागायला जात. तिच्याकडे नसले तर मोठीकडून दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण टाकीत, आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. ऐपतीपलीकडचाच खर्च होता तो. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपणच लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका मुलाला दिलेल्या त्या एका पुस्तकाची किंमत रुपयांत किती असेल? पुढे 1956 साली नागपुरात काय घडले ते आपण सारे जाणतो. प्रत्येक पुस्तकातून असे घडते असे मी म्हणत नाही. माझ्या घरी 6 डिसेंबरला आणलेली निम्मी पुस्तके अजून न वाचलेली पडून आहेत.

25 डिसेंबर ही तारीख तर आपल्यासाठी आणखी कशासाठी तरी राखलेली आहे. 1927 साली त्या रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही मुलांना सांगावे. पण त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत जे बोलले, त्याची आठवण आपण कमी काढतो. लुगडे कसे नेसावे, कथलाचे नि चांदीचे जड दागिने अंगावर कशाला वागवता, मुलांबरोबर मुलींनाही शाळेत घाला, असे ते घरातले बोलणे होते. एवढा मोठा संगर चालू असताना त्यांनी बायांच्या अंगावरच्या गिलटाचा विषय काढला. कमीपणाची खूण अंगावरून उतरवायची तर ती कशाने उतरेल आणि कशाने उतरणार नाही, हाच तो हिशेब होता.

भगवान बुद्धांनीही गृहस्थाच्या पैशाचा विचार केला आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भोगावा, दोन कामधंद्यात घालावेत, चौथा अडीअडचणीसाठी ठेवावा. वर मांडलेल्या हिशेबात सांता नेमका तो चौथा हिस्सा घेऊन जातो. त्याच सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये आहेत. पापापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे, हुन्नर शिकवणे, योग्य जोडीदार पाहणे, वेळेवर वारसा सोपवणे. त्यात खेळणे नाही. पण कवडीचुंबक व्हा असेही बुद्ध म्हणत नाहीत. पैसा असून भिकाऱ्यासारखे जगणाऱ्यालाही त्यांनी दोष दिला आहे. लेकराला वर्षातून एखादी गाडी घ्यावी, जरूर घ्यावी. ती पगारातून घ्यावी, आणि आपल्या दिवशी घ्यावी. 14 एप्रिल आहे, बुद्धपौर्णिमा आहे.

राहिला त्या भगिनीचा प्रश्न. एकट्या आईने घरात कितीही निश्चय केला तरी वर्गात तिचे मूल एकटेच पडणार. म्हणून हा प्रश्न शाळेतच सोडवावा लागेल. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असायलाच हवा, असा 2011 चा राज्याचा फी कायदा सांगतो. सभेची नोटीस आली की आपण रजा पडते म्हणून जात नाही, आणि गेलो तर मागच्या बाकावर बसतो. दिवाळीनंतरच्या सभेला एका वर्गातल्या चार-पाच पालकांनी मिळून जावे. त्यात आपलेच असायला हवेत असे नाही. रिक्षावाला मुस्लिम बाप असेल, भाजीवाली मराठा बाई असेल, त्यांनाही हीच चणचण आहे. अर्ज दोन ओळींचा पुरे. वर्गात भेट द्यायची ती मुलांनी हाताने केलेली असावी किंवा पन्नास रुपयांच्या आतली असावी, आणि घरी कोणाला काय मिळाले हे वर्गात विचारले जाऊ नये. खाली सह्या, पोच घ्यावी. असा अर्ज मी टाईप करून विहारातल्या कपाटात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी रविवारी वंदनेनंतर मागून घ्यावा, झेरॉक्सचा खर्च मंडळ करील.